भाड्याची गाडी: काउंटरवरचा विमा घ्यावा की क्रेडिट कार्डाच्या भरवशावर राहावं?

जिरेसाळ | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात सासूबाई आणि अप्पा (सासरे) पुण्याहून येतायत. वेगसला उतरायचं, तिथून ग्रँड कॅन्यन, पेज, मॉन्युमेंट व्हॅली, ब्राइस, झायन आणि परत वेगस, असा नऊ दिवसांचा बेत आहे. गाडीही ठरवून झाली. भाडं कर धरून ४६० डॉलर. इथवर सगळं छान.

मग डेन्व्हर आठवलं. मार्चमध्ये रात्री साडेअकराला उतरलो होतो, मुलगी खांद्यावर झोपलेली, मागे वीसेक माणसांची रांग. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "फुल कव्हरेज, राइट?" आणि नवरा "हो हो" म्हणून मोकळा झाला. घरी येऊन पावती बघितली तर भाड्यापेक्षा विमाच जास्त! तेव्हापासून आमच्याकडे 'फुल कव्हरेज' हा टोमणा झालाय. कुणी हॉटेलात न विचारता तीन भाज्या मागवल्या की म्हणायचं, "फुल कव्हरेज का?"

या वेळी आधीच वेबसाइटवर आकडे बघून ठेवलेत. एलडीडब्ल्यू (भाड्याच्या गाडीच्या नुकसानीची माफी) रोजचे ३२ डॉलर, एसएलआय (आपल्यामुळे दुसऱ्यांचं नुकसान झालं तर त्याचा जादा विमा) १७, पीएआय (गाडीत बसलेल्यांच्या दुखापतीचा विमा) ८, रोडसाइड (वाटेत गाडी बंद पडली तर मदत) ७. एकूण ६४. नऊ दिवसांचे ५७६.

आमची परिस्थिती अशी: जर्सी सिटीत राहतो, स्वतःची गाडी नाही, न्यूयॉर्कला जाणारी पाथ ट्रेन झिंदाबाद. म्हणजे गाडीचा विमाही नाही. माझ्याकडे चेस बँकेचं सफायर प्रिफर्ड क्रेडिट कार्ड आहे. बुकिंग नवऱ्याच्या नावावर केलंय, कारण गाडी तोच चालवणार. पैसे माझ्या कार्डावरून भरू. डॅलसची नणंद म्हणते, "आम्ही काउंटरवर कधीच काही घेत नाही, आमच्या गाडीचा विमा लागू होतो." ऑफिसातला एक जण म्हणतो, कार्ड आहे ना, मग कशाला काय पाहिजे?

दोघंही इतक्या ठामपणे सांगतात की मला दोघांवरही विश्वास बसेनासा झालाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

घाटवळण | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

सफायर प्रिफर्डवर प्रायमरी कव्हर आहे, म्हणजे भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे आधी कार्डच देतं. एलडीडब्ल्यूला सरळ नाही म्हणा, पूर्ण भाडं त्याच कार्डावर टाका, विषय संपला. मी बारा वर्षं हेच करतोय. काउंटरवाले घाबरवतात, त्यांना त्यावर कमिशन असतं. हसून "डिक्लाइन" म्हणायचं.

---

पोहेप्रेमी | ३ सप्टेंबर, रात्री ११:१२

+१. डिक्लाइन, डिक्लाइन, डिक्लाइन. चारही चौकोनांत.

---

निवांत_नाना | ४ सप्टेंबर, सकाळी ७:३०

माझं मत वेगळं आहे आणि इथे त्यावर टोमॅटो फेकले जाणार हे माहीत आहे. मी एलडीडब्ल्यू घेतो. दर वेळी.

पासष्टीचा माणूस. तीन वर्षांपूर्वी फ्लोरिडात एका मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी होती, कुणीतरी ठोकून पळून गेलं. मागचं दार आत गेलेलं. विमानाला तीन तास. गाडी तशीच नेऊन दिली, त्यांनी एक कागद भरून घेतला, सही केली, किल्ली दिली आणि विमानात जाऊन झोपलो. पुढे ना फोन ना पत्र. कार्डावर असतो तर पुढचे चार महिने मी पीडीएफ स्कॅन करत बसलो असतो.

नऊ दिवसांचे २८८ डॉलर होतात, मान्य. पण आईवडिलांना घेऊन निघालाय. प्रवासात डोकं थंड राहायला पैसे पडतात.

---

घाटवळण | ४ सप्टेंबर, सकाळी ७:५२

नाना, २८८ डॉलरमध्ये चौघांची ब्राइसला एक रात्र निघते. (दिवे घ्या.)

---

क्लेमवाली | ४ सप्टेंबर, दुपारी १२:१५

मी ओहायोत गाड्यांच्या क्लेमचं काम करते. रोज हेच बघते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

वरचे सगळे प्रतिसाद फक्त एलडीडब्ल्यूबद्दल आहेत. म्हणजे गाडीच्या पत्र्याबद्दल. पण जिरेसाळ यांनी चार आकडे दिलेत आणि त्यातला महत्त्वाचा दुसरा आहे. पोहेप्रेमींनी तोही डिक्लाइनमध्ये टाकला, तिथे मी दचकले.

एलडीडब्ल्यू (काही ठिकाणी सीडीडब्ल्यू म्हणतात) हा खरं तर विमा नाहीच. 'गाडीला काही झालं तर आम्ही तुमच्याकडून वसूल करणार नाही' एवढं कंपनीचं वचन. तुमचं कार्ड याच जागी उभं राहतं. गाडी ठोकली, चोरीला गेली, टो करावी लागली, दुरुस्तीच्या दिवसांचं बुडालेलं भाडं, हे सगळं त्यात येतं. प्रिफर्डवर ही मर्यादा ६०,००० डॉलर आहे, तुमच्या नेहमीच्या एसयूव्हीला पुरून उरते.

पण तुम्ही दुसऱ्याची गाडी ठोकलीत, माणूस जखमी झाला, तर कार्ड एक पैसा देत नाही. ना चेस, ना अ‍ॅमेक्स, ना कुणी. कार्डाच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण लोक 'प्रायमरी' हा शब्द वाचून तिथेच थांबतात. त्यांना वाटतं प्रायमरी म्हणजे सगळं.

आता नणंदबाई. त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. इथला गाडीचा विमा साधारणपणे अमेरिका आणि कॅनडात भाड्याच्या गाडीलाही लागू होतो, घरच्या गाडीला आहे तेवढाच आणि तसाच. घरच्या गाडीला फक्त लायबिलिटी (दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा) असेल तर भाड्याच्या गाडीच्या पत्र्याला काहीच नाही. कोलिजन (आपल्याच गाडीच्या धडकेचा विमा) असेल तर आहे, पण डिडक्टिबल (आपण सोसायची पहिली ठरावीक रक्कम) खिशातून. मात्र त्यांची लायबिलिटी त्यांच्यासोबत फिरते. म्हणून त्या काउंटरवर एसएलआय घेत नाहीत आणि त्यांचं चालतं.

तुमच्याकडे ती लायबिलिटीच नाही. बहुतेक राज्यांत गाडीसोबत जी येते ती राज्याने ठरवलेल्या किमान रकमेची. नेवाडात ती एका माणसाच्या दुखापतीला २५,०००, सगळ्या मिळून ५०,००० आणि मालमत्तेला २०,००० डॉलर. तुम्ही जिथे चाललाय तिथे मोठं हॉस्पिटल शंभर-दीडशे मैलांवर असू शकतं. हेलिकॉप्टरने न्यावं लागलं तर नुसत्या हेलिकॉप्टरचं बिल तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं. वरचे पैसे कोण देणार? चालवणारा. बचत, घर, पुढचा पगार. आणि गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीवर उलटता येत नाही. २००५च्या केंद्रीय कायद्याने (ग्रेव्ह्ज अमेंडमेंट) 'गाडी तुमची म्हणून भरपाई तुम्ही द्या' हा दावाच बंद केलाय.

एसएलआयची मर्यादा कंपनीनुसार ३ लाख ते १० लाख डॉलर असते. तुमच्या जागी मी असते तर एलडीडब्ल्यू नाही, पीएआय नाही, रोडसाइड नाही, पण एसएलआय डोळे मिटून घेतला असता. १५३ डॉलर.

---

पोहेप्रेमी | ४ सप्टेंबर, दुपारी १२:४०

माझा +१ परत घेतो. माझ्याकडे गाडी आहे, त्यामुळे हा विचारच कधी केला नव्हता.

---

जिरेसाळ | ४ सप्टेंबर, रात्री ९:२०

क्लेमवाली, किती धन्यवाद देऊ! नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे डेन्व्हरला मी निम्मं बरोबर होतो." सोडा.

दोन प्रश्न. पीएआय नको असं का? सासूसासरे सत्तरीचे आहेत. आणि कार्ड सेकंडरी असतं तर काय फरक पडला असता?

---

क्लेमवाली | ४ सप्टेंबर, रात्री १०:०२

पीएआय गाडीत बसलेल्यांच्या दुखापतीसाठी, आणि रक्कम तुटपुंजी असते. तुम्हा दोघांना नोकरीचा आरोग्य विमा आहे. त्या दोघांसाठी व्हिजिटर इन्शुरन्स काढलाच असेल. नसेल तर हे ८ डॉलर वाचवून तो काढा. त्यात 'फिक्स्ड' (प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम) आणि 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' (प्रत्यक्ष बिलाच्या हिशोबाने) असे दोन प्रकार असतात. दुसराच घ्या.

सेकंडरी म्हणजे आधी तुमचा स्वतःचा विमा देणार, उरलेलं कार्ड देणार. तुमचा विमाच नाही, तर आधी देणारं कुणी नाही, त्यामुळे सेकंडरी कार्डही तुमच्यासाठी प्रायमरीसारखंच वागतं. प्रायमरीचं खरं सुख गाडीवाल्यांना. त्यांच्या विमा कंपनीला कळवावं लागत नाही आणि पुढच्या वर्षीचा हप्ता वाढत नाही.

---

अर्धाकप | ४ सप्टेंबर, रात्री ११:३०

हे सुख मला सेकंडरीने शिकवलं. आकड्यांसकट सांगतो.

सिएटलजवळ माउंट रेनियरला पार्किंगमधून गाडी मागे घेताना लाकडी खांब लागला. मागचा बंपर, दिवा आणि डिकीच्या झाकणाला पोचा. गाडी परत केली, कार्डावर क्लेम टाकला. तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. दुरुस्ती १,८४०. सहा दिवसांचं बुडालेलं भाडं, दिवसाला ४८ प्रमाणे २८८. प्रशासकीय खर्च १५०. गाडीची किंमत कमी झाली म्हणून ३००. एकूण २,५७८ डॉलर. एका खांबाचे!

माझं कार्ड सेकंडरी. त्यांनी आधी घरच्या विम्याकडे पाठवलं. विमा कंपनीने १,८४० मधून ५०० डिडक्टिबल कापून १,३४० दिले. बुडालेलं भाडं त्यांच्या पॉलिसीत नव्हतं. मग कार्डवाल्यांनी ते ५००, प्रशासकीय १५० आणि बुडालेलं भाडं २८८ देऊ म्हटलं, पण एका अटीवर: त्या सहा दिवसांत कंपनीच्या बाकीच्या गाड्या खरोखर भाड्याने गेलेल्या होत्या, हे दाखवणारी नोंदवही आणा. फ्लीट लॉग म्हणतात त्याला. गाड्या रिकाम्या उभ्या होत्या तर भाडं बुडालं कुठे, असा त्यांचा सवाल, आणि तो रास्तच आहे. पण ती नोंदवही कंपनी देईना. चार ईमेल, दोन फोन. शेवटी मीच लिहिलं की नोंदवही द्या नाहीतर ही रक्कम सोडा. नोंदवही आठवड्याभरात आली.

किंमत घटल्याचे ३०० ना विमा कंपनी देणार होती ना कार्ड. घासाघीस करून १५०वर मिटवलं, खिशातून. ऑगस्टमध्ये खांब लागला, फाइल बंद झाली जानेवारीत. आणि मेमध्ये घरच्या विम्याचा हप्ता वाढून आला.

तात्पर्य वगैरे काही नाही. पण नानांना मी हसणार नाही.

---

निवांत_नाना | ५ सप्टेंबर, सकाळी ६:४५

अर्धाकप, तुम्ही माझे मित्र झालात.

---

तळटीप | ५ सप्टेंबर, सकाळी ९:१०

जिरेसाळ, मूळ लेखातलं एक वाक्य सगळ्यांच्या नजरेतून निसटलंय. "बुकिंग नवऱ्याच्या नावावर, पैसे माझ्या कार्डावरून."

हे चालणार नाही. ज्याच्या नावाचं कार्ड, त्याच्याच नावावर गाडीचा करार लागतो. तुमचं कार्ड आणि करारात मुख्य नाव नवऱ्याचं, तर क्लेम पहिल्याच टेबलावर परत येईल. त्याच्या नावाचं ऑथराइझ्ड युजर कार्ड (तुमच्याच खात्यावरचं जोडकार्ड) असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर मुख्य भाडेकरू तुम्ही व्हा आणि नवऱ्याचं नाव दुसरा चालक म्हणून करारात घालून घ्या. करारात नाव असलेल्या चालकाला कार्ड धरतं. लायसन्स आहे ना तुमच्याकडे?

काउंटरवरही तुमचंच कार्ड पुढे करा. भाडं अर्धं एका कार्डावर, अर्धं डेबिटवर असला प्रकार नको. आणि कराराच्या कागदावर एलडीडब्ल्यूच्या पुढे 'डिक्लाइन्ड' छापलंय का बघूनच सही करा. काही वेळा तो मुलगा सवयीने 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो, आणि एलडीडब्ल्यू घेतलात की कार्डाचं कव्हर आपोआप संपतं.

---

जिरेसाळ | ५ सप्टेंबर, सकाळी ९:३४

अगं बाई!! लायसन्स आहे. आत्ता ऑफिसातून बुकिंग रद्द करून माझ्या नावावर नवीन केलं. नशीब, 'पे लेटर' घेतलं होतं. भाडं ११ डॉलरने वाढलं, ते अक्कलखाती.

---

कोकमकढी | ५ सप्टेंबर, सकाळी ११:००

अवांतर, पण विषयाला धरून. मी गोव्यात असतो. इथे सुट्टीला येणारे मराठी लोक हाच घोळ वेगळ्या रीतीने घालतात. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची गाडी 'स्वस्तात' घेतात. खाजगी गाडीचा विमा भाड्याने दिलेल्या गाडीला लागू नाही, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. तीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी ठोकली की मालक म्हणतो मित्राला दिली होती, विमा कंपनी म्हणते पैसे घेतलेस, आणि मधे तुम्ही. कागदपत्रं बघताना आरसीबरोबर विम्याची तारीखही बघा. तिकडे कुणी बघत नाही.

---

लेस्टरकर | ५ सप्टेंबर, दुपारी ३:२०

इकडचंही थोडं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये सीडीडब्ल्यू आणि थर्ड पार्टी बहुतेक वेळा भाड्यातच धरलेले असतात. म्हणजे क्लेमवालींनी सांगितलेली लायबिलिटीची धास्ती इथे नाही. इथला प्रश्न 'एक्सेस'चा. पहिले हजार-दीड हजार पौंड तुमचे. काउंटरवर तो शून्य करायला रोजचे वीस-पंचवीस पौंड मागतात. मी वर्षाची वेगळी एक्सेस पॉलिसी बाहेरून काढतो, पन्नास पौंडांच्या आत येते. आधी खिशातून भरायचं, मग त्यांच्याकडून घ्यायचं.

अमेरिकेतून कार्डाच्या भरवशावर इकडे येणाऱ्यांना एक सूचना. अ‍ॅमेक्सचं कव्हर इटली, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला चालत नाही. व्हिसाच्या बऱ्याच कार्डांत आयर्लंड, इस्रायल, जमैका वगळलेले असतात. तिकीट काढण्याआधी यादी वाचा.

---

पाथवरची_गर्दी | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४०

जिरेसाळ, मीही जर्सी सिटीत, गाडी नाही. वर्षातून सात-आठदा भाड्याने घेतो. कधी एडिसनला सामान आणायला, कधी पोकोनोज. प्रत्येक वेळी एसएलआय भरून वैताग आला म्हणून 'नॉन-ओनर' पॉलिसी काढली. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठीचा लायबिलिटी विमा. मला वर्षाला ३८० डॉलर पडले. पत्रा कार्डावर, माणसं या पॉलिसीवर. तुम्ही वर्षाला किती दिवस गाडी घेता त्याला १७ ने गुणा आणि ठरवा.

---

क्लेमवाली | ५ सप्टेंबर, रात्री ८:१५

चांगली आठवण केलीत. दोन गोष्टी मात्र तपासा. ही पॉलिसी नाव असलेल्या माणसाची असते, नवराबायको दोघं चालवणार असतील तर दोघांची नावं घालून घ्या. आणि मर्यादा राज्याची किमान घेऊ नका, नाहीतर पुन्हा तिथेच येऊन पोचलात. दुखापतीसाठी एका माणसाला १ लाख / सगळ्या मिळून ३ लाख डॉलरपेक्षा खाली जाऊ नका, भावात फार फरक पडत नाही.

---

घाटवळण | ५ सप्टेंबर, रात्री ९:००

मी सिटी बँकेचं कार्ड वापरायचो. २०१९च्या सप्टेंबरात त्यांनी बहुतेक कार्डांवरून हे कव्हर काढून टाकलं. मला कळलं २०२१ मध्ये. दोन वर्षं मी बेधडक 'डिक्लाइन' म्हणत होतो आणि मागे काहीच नव्हतं! वर 'बारा वर्षं' म्हणालो त्यातली ही दोन वजा करा. कार्डाच्या सुविधा अधूनमधून पुन्हा वाचत जा. ते ईमेल पाठवतात, आपण वाचत नाही.

आणि क्लेमवालींचा एसएलआयचा मुद्दा पटला. माझा पहिला प्रतिसाद अर्धवट होता.

---

दगडफूल | ६ सप्टेंबर, सकाळी ८:३०

कुणीच सांगितलं नाही म्हणून सांगते. मॉन्युमेंट व्हॅलीतला सतरा मैलांचा जो रस्ता आहे ना, तो कच्चा आहे. लाल माती, खड्डे, पाऊस पडून गेला असेल तर चिखल. बहुतेक भाडेकरारांत डांबरी रस्ता सोडू नका असं कलम असतं, आणि कार्डाच्या नियमांत 'ऑफ-रोड' वगळलेलं असतं. म्हणजे तिथे गाडी रुतली किंवा खालून दगड लागला तर तुम्ही तुमचे. नानांचं एलडीडब्ल्यूसुद्धा करार मोडल्यावर हात वर करतं.

आम्ही गेलो तेव्हा एक मिनीव्हॅन उतारावर अडकलेली होती, आणि आतली चार माणसं फोनला सिग्नल शोधत फिरत होती. तिथे नाव्हाहो (तिथले मूळ रहिवासी) गाइड स्वतःच्या उघड्या ट्रकमधून फिरवतात, तेच घ्या. सासूबाईंना डोक्याला स्कार्फ सांगा. धूळ केसांतून आठवडाभर निघत नाही.

---

निवांत_नाना | ६ सप्टेंबर, सकाळी ९:०५

कबूल. कच्च्या रस्त्यावर मी नेत नाही. पार्किंगपलीकडे साहस उरलेलं नाही.

---

भाचा_ऑस्टिनचा | ६ सप्टेंबर, दुपारी १:१०

टुरोवरून का घेत नाही? स्वस्त पडते, गाड्याही भारी.

---

तळटीप | ६ सप्टेंबर, दुपारी १:२२

कारण टुरोवर लोक आपापल्या गाड्या देतात, आणि बहुतेक कार्डांच्या लेखी ती भाडेकंपनी नाही. कव्हर शून्य. टुरोची स्वतःची प्रोटेक्शन योजना घ्यावी लागते. ती धरून बेरीज करा, मग स्वस्त आहे का सांगा.

---

जिरेसाळ | ६ सप्टेंबर, रात्री १०:१५

आता आमचं ठरलं: एलडीडब्ल्यू नाही, एसएलआय हो, बाकी नाही, गाइडचा ट्रक हो. अप्पा विचारतायत की त्यांना चालवता येईल का. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणतो म्हणतात. ते बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेत. हा धागा प्रिंट काढून वाचलाय आणि समासात पेन्सिलने खुणा केल्यात. अर्धाकप यांच्या बेरजेपुढे टिकमार्क आहे.

---

क्लेमवाली | ६ सप्टेंबर, रात्री १०:५०

अप्पांना नमस्कार सांगा. चालवायचं असेल तर करारात तिसरं नाव, त्याचे रोजचे वेगळे पैसे, आणि मूळ भारतीय लायसन्स सोबत हवंच. नाव न घालता 'पाच मिनिटं घ्या हो, रस्ता मोकळा आहे' हे मात्र अजिबात नको. त्या पाच मिनिटांत कार्ड, एसएलआय, सगळं एकदम जातं. मी अशा फायली बघितल्यात. दर वेळी रस्ता मोकळाच असतो.

---

अर्धाकप | ७ सप्टेंबर, सकाळी ८:००

आणि गाडी घेताना व्हिडिओ! फोटो नव्हे, व्हिडिओ. चारी बाजू, छत, चाकांच्या रिंगा, काच, पेट्रोलचा काटा, किलोमीटर (मैल) सगळं. पार्किंगमधून बाहेर पडण्याआधी. परत करतानाही तसाच. आणि करार घेतानाचा आणि बंद झाल्यावरचा असे दोन्ही कागद जपा. कार्डवाले दोन्ही मागतात, आणि परत करताना कुणी कागद देत नाही, ईमेलवर येईल म्हणतात.

---

जिरेसाळ | २७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

परत आलो. ब्राइसला पहाटे उणे चार होतं, सासूबाईंनी दोन शाली आणि माझं जॅकेट घातलं आणि "इथे देऊळ कसं नाही?" असं तीनदा विचारलं. सविस्तर प्रवासवर्णन वेगळ्या धाग्यात. इथे गाडीपुरतं.

काउंटरवरची बाई चांगली होती. तरी "वाळवंटात दगड उडतात, काच फुटते" हे दोनदा झालंच. मी माझं कार्ड पुढे केलं, नवऱ्याचं नाव घालून घेतलं (पती म्हणून वेगळे पैसे लावले नाहीत), एसएलआय घेतला. अप्पांनी चालवायचं रद्द केलं. जास्तीच्या चालकाचा आकडा ऐकून म्हणाले, एवढ्यात मी टॅक्सीने सिंहगडला दहा वेळा जाईन. छापील करार मात्र त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचला. मागे रांग. मी जमिनीकडे बघत होते.

मग पार्किंगमध्ये व्हिडिओ. मी शूट करत होते आणि अप्पा काठीने दाखवत बोलत होते, स्टॉक ऑडिटला बोलायचे तसे. "पुढचा बंपर, उजवी बाजू, एक चरा, बोटभर. डावं मागचं दार, हँडलच्या खाली, एक पोचा, जुन्या रुपयाएवढा. काच स्वच्छ. काटा पूर्ण." सहा मिनिटं.

नऊ दिवसांनी गाडी परत करताना तिथल्या माणसाने टॅबलेटवर नेमका तोच डाव्या दाराचा पोचा टिपला. म्हणाला, नवीन दिसतोय. मी व्हिडिओ लावला. त्याला मराठी कळेना, पण काठी नेमकी पोच्यावर टेकलेली दिसत होती आणि वर तारीख-वेळ. त्याने दोनदा बघितला, टॅबलेटवर काहीतरी खोडलं आणि विचारलं, "हू इज धिस जंटलमन?"

अप्पा मागे उभे होते. त्यांनी त्याच्याकडून बंद कराराचा कागद छापून मागितला. ईमेल नको म्हणाले.

---

क्लेमवाली | २७ ऑक्टोबर, रात्री १०:१०

अप्पांचा व्हिसा किती महिन्यांचा आहे? आमच्या ऑफिसात जागा आहे.

---

निवांत_नाना | २८ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

तो व्हिडिओ इथे टाका. मला काठी बघायची आहे.